आहार आणि आजार: 'कशाच्या ऐवजी?' हे कुणी विचारतच नाही

अर्धी_तळटीप

मावशीने परवा एकाच दिवशी दोन बातम्या पाठवल्या. सकाळची: अंडी खाल्ल्याने हृदयविकाराचा धोका वाढतो. संध्याकाळची: रोज एक अंडं खाल्लं तरी हृदयाला काही होत नाही. खाली एकच ओळ, "तुम्ही लोक एकदा काय ते ठरवा गं."

'तुम्ही लोक' म्हणजे मी. हजारो-लाखो माणसं काय खातात आणि पुढे त्यांना कोणते आजार होतात, याची सांगड घालणाऱ्या अभ्यासांत आकडेमोड करणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. मावशीच्या दोन्ही बातम्या खऱ्याच होत्या. पहिला निष्कर्ष २०१९ मध्ये अमेरिकेतल्या जवळपास ३० हजार लोकांच्या माहितीवरून निघाला, दुसरा २०२० मध्ये त्याहून कितीतरी मोठ्या माहितीवरून. दोन्हीकडची माणसं आपापलं काम जाणणारी. मग घोळ कुठे आहे?

माझ्या मते प्रश्नच अर्धवट आहे. सिगारेट सोडली तर तिच्या जागी दुसरं काही ओढावं लागत नाही. अंडं सोडलं तर ताटातली ती जागा रिकामी राहत नाही, तिथे काहीतरी येतंच. त्यामुळे 'अंडं चांगलं की वाईट' याला उत्तर नाही. 'अंड्याऐवजी काय' याला आहे.

याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण लोणी-तुपातल्या संपृक्त मेदाचं. अमेरिकेतल्या परिचारिका आणि आरोग्यक्षेत्रातले पुरुष अशा सव्वा लाखावर लोकांची अनेक वर्षांची माहिती २०१५ मध्ये नेमका हा प्रश्न धरून तपासली गेली. एकूण उष्मांकांपैकी ५ टक्के संपृक्त मेदाऐवजी बहुअसंपृक्त मेदातून, म्हणजे बियांच्या तेलांत वगैरे असतो त्यातून, घेतले तर हृदयविकाराचा धोका २५ टक्के कमी. त्याच जागी अख्खं धान्य आलं तर ९ टक्के कमी. आणि मैदा-साखर आली तर? काही फरक नाही. ज्या बातम्यांत लोणी निर्दोष सुटतं, त्यांत बहुतेकदा तुलना नकळत याच तिसऱ्या गटाशी झालेली असते. लोणी चांगलं ठरलेलं नसतं, मैदा तितकाच वाईट ठरलेला असतो.

हा पेच नवा नाही. जपानच्या नौदलात बेरीबेरीने, म्हणजे नसा आणि हृदय निकामी करणाऱ्या आजाराने, खलाशी पटापट आजारी पडत. १८८२-८३ च्या सफरीत 'र्यूजो' या जहाजावरच्या ३७६ जणांपैकी १६९ जणांना बेरीबेरी झाला, २५ दगावले. नौदलाचे डॉक्टर ताकाकी कानेहिरो यांनी १८८४ मध्ये 'त्सुकुबा' हे दुसरं जहाज त्याच मार्गाने पाठवायला लावलं, फक्त जेवण बदललं. पांढरा तांदूळ कमी केला. मांस, दूध, पाव वाढवले. ३३३ जणांत १४ आजारी, मृत्यू एकही नाही. ताकाकींना वाटलं, प्रथिनं वाढवली म्हणून माणसं वाचली. चूक. खरी उणीव थायमिन या जीवनसत्त्वाची होती आणि तांदळाला पॉलिश करताना ते कोंड्याबरोबर निघून जातं. पण तांदूळ कमी झाल्याने माणसं वाचली की त्याच्या बदली आलेल्या जेवणाने, हे त्या जहाजावरून कळणं शक्यच नव्हतं. दोन्ही गोष्टी एकदमच झाल्या होत्या. पुढे जाव्हामध्ये आइकमन या डच डॉक्टरांनी कोंबड्यांना पॉलिशचा आणि बिनपॉलिशचा तांदूळ घालून पाहिला तेव्हा बोट कोंड्याकडे वळलं. त्यांनीही आधी तांदळात विष असावं असाच तर्क केला होता.

असो. मावशीला हे सगळं फोनवर सांगता आलं नाही, म्हणून हा धागा.

रिकामी_वही

वाचतेय. पुढे लिहा.

उलटतपासणी

लेख छान आहे, पण मला तुमचं अख्खं शास्त्रच संशयास्पद वाटतं. स्पष्ट बोलतो, राग नसावा. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते आणि तुम्ही कावळ्याचं वजन मोजत बसता. ५० नेहमीचे खाद्यपदार्थ पाककृतींच्या पुस्तकातून सरसकट उचलून कुणीतरी शोध घेतला होता ना? त्यातल्या ४० पदार्थांवर कर्करोगाशी संबंध तपासणारे लेख सापडले. कुणी म्हणतो वाढतो, कुणी म्हणतो घटतो, पदार्थ तोच.

आणि सुरुवातच फसवाफसवीने झाली. चरबीमुळे हृदयविकार होतो असं मांडणारे अमेरिकी शास्त्रज्ञ अँसेल कीज, त्यांच्याकडे २२ देशांची माहिती होती, त्यातले सोयीचे सात उचलले आणि चरबीला फाशी दिली.

अर्धी_तळटीप

राग कसला. ५० पदार्थांचं तुम्ही सांगितलंत ते खरं आहे, शोनफेल्ड आणि योआनिडिस यांचा २०१३ चा लेख. आमच्याकडे नव्याने येणाऱ्यांना मी तो आधी वाचायला देते.

कीज यांच्याबाबत मात्र दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी झालीय. १९५३ मध्ये त्यांनी एक आलेख छापला, त्यात सहा देश होते, सात नव्हे. देशाचा सरासरी मेद एका अक्षावर, हृदयविकाराचे मृत्यू दुसऱ्यावर. १९५७ मध्ये येरुशाल्मी आणि हिलबो यांनी दाखवून दिलं की माहिती २२ देशांची उपलब्ध आहे आणि सगळे घेतले की ती सुरेख रेष विस्कटते. टीका रास्तच होती. पण 'सात देशांचा अभ्यास' हा १९५८ नंतरचा वेगळाच उद्योग. त्यात कागदावरच्या सरासऱ्या नव्हत्या, ४० ते ५९ वयाचे १२,७६३ पुरुष प्रत्यक्ष तपासले आणि त्यांच्यावर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं.

म्हणून तो निर्दोष होता असं मी म्हणणार नाही. देश चिठ्ठ्या टाकून निवडलेले नव्हते. जिथे काम करणं जमेल आणि फरक दिसेल अशी आशा होती तिथे ते गेले. क्रीट बेटावरचं जेवण प्रत्यक्ष मोजलं ते थोड्याच माणसांचं, त्यातली काही मोजणी लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या ख्रिस्ती उपवासकाळात झाली. शितावरून भाताची परीक्षा होते, पण शीत कुठून काढलं तेही सांगायला हवं. कीज यांना शिव्या घालायच्या तर या कारणासाठी घाला.

प्रमाणवेळ

मी डॉक्टर आहे, संशोधक नाही. कावळा-फांदीवरून एक जुनी गोष्ट आठवली. १९८१ मध्ये एका अतिशय मान्यवर नियतकालिकात लेख आला की कॉफी पिणाऱ्यांना स्वादुपिंडाचा कर्करोग जास्त होतो. खळबळ उडाली. पद्धत अशी, की कर्करोगाच्या रुग्णांची कॉफी मोजायची आणि त्याच डॉक्टरांच्या इतर रुग्णांची कॉफी मोजायची, मग तुलना. ऐकायला चोख. पण स्वादुपिंडाचे रुग्ण कुणाकडे असतात? पोटाच्या डॉक्टरांकडे. त्या डॉक्टरांचे इतर रुग्ण कोण? आम्लपित्त आणि अल्सरवाले. त्यांच्यापैकी कितीतरी जणांनी त्रासामुळे कॉफी आधीच कमी केलेली. म्हणजे कर्करोगवाले कॉफी जास्त पीत नव्हते, तुलनेला घेतलेले लोकच नेहमीपेक्षा कमी पीत होते.

तळटीपताई, तुमच्या 'कशाच्या ऐवजी' ला माझी पुरवणी: 'कुणाच्या तुलनेत'.

अर्धी_तळटीप

डॉक्टर, ही पुरवणी मूळ लेखात घालायला हवी होती. दारूचंही असंच झालं. थोडी पिणारे अजिबात न पिणाऱ्यांपेक्षा निरोगी दिसायचे. पण न पिणाऱ्यांच्या गटात असे बरेच असतात ज्यांनी प्रकृती बिघडल्यावर सोडली. मग चीनमधल्या पाच लाखांवर लोकांच्या एका अभ्यासात वेगळीच वाट काढली. पूर्व आशियात अनेकांच्या जनुकांत असा बदल असतो की थोडी दारू घेतली तरी चेहरा लालबुंद होतो, मळमळतं. ते साहजिकच कमी पितात. ही जनुकं जन्मतःच वाटली जातात, प्रकृती बघून नाही. २०१९ मध्ये त्या वाटणीप्रमाणे तुलना केली तेव्हा थोड्या दारूने पक्षाघात टळतो हा लाडका निष्कर्ष विरघळून गेला. जितकी जास्त दारू तितका जास्त धोका, सरळ चढती रेष.

उलटतपासणी

म्हणजे माझंच म्हणणं सिद्ध झालं की. नुसत्या निरीक्षणावर विश्वास ठेवू नये. चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडा, एकाला पदार्थ द्या, दुसऱ्याला नको. बीटा-कॅरोटिनचं काय झालं? भाज्या-फळं खाणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो, त्यांच्या रक्तात बीटा-कॅरोटिन जास्त, म्हणून गोळ्या दिल्या. फिनलंडमध्ये २९ हजार धूम्रपान करणारे पुरुष, १९९४ चा निकाल: गोळी घेणाऱ्यांत कर्करोग १८ टक्के *जास्त*. अमेरिकेतली दुसरी चाचणी १९९६ मध्ये मध्येच थांबवावी लागली, तिथे वाढ २८ टक्के. हे तुमच्या निरीक्षणांचं फळ.

प्रमाणवेळ

निरीक्षण काय होतं? भाज्या-फळं खाणारे. प्रयोग कशाचा केला? वर्षानुवर्षं सिगारेट ओढणाऱ्यांना एकाच द्रव्याची मोठी मात्रा गोळीतून. हे दोन प्रश्न वेगळे आहेत. गाजर आणि गाजरातलं एक द्रव्य एकच मानलं ही चूक, निरीक्षणाची नव्हे. अर्थात, ती चूक केली कुणी तर आम्हीच. त्या काळात माझे ज्येष्ठ सहकारीही स्वतः त्या गोळ्या घ्यायचे.

शून्यान्त

एक भाबडा प्रश्न. माणसांना काही वर्षं एका ठिकाणी ठेवून मोजून-मापून खायला घालता येत नाही का? कैदी वगैरे?

अर्धी_तळटीप

कैद्यांवर झालंय. १९१५ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपीत डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी तुरुंगाच्या शेतावरच्या स्वयंसेवक कैद्यांना शिक्षामाफीच्या बोलीवर मक्याचं पीठ, पांढरा तांदूळ, साखर असलं जेवण महिनोन्‌महिने दिलं आणि त्यातल्या सहा जणांना पेलाग्रा झाला, म्हणजे कातडी सोलवटणारा, जुलाब आणि बुद्धिभ्रंश करणारा आजार. तोवर पेलाग्रा संसर्गजन्य आहे असंच बहुतेकांचं मत होतं. तरी लोकांना पटेना, म्हणून गोल्डबर्गर, त्यांची पत्नी आणि सहकारी यांनी रुग्णांचं रक्त, कातडीचे पापुद्रे वगैरे स्वतःच्या शरीरात घेतलं. (वगैरेमध्ये काय काय येतं ते जेवताना वाचू नका.) कुणालाही पेलाग्रा झाला नाही. आज असला कैद्यांचा प्रयोग कुठलीही नीतिसमिती मान्य करणार नाही आणि करूही नये.

आजची नीट आवृत्ती म्हणजे केव्हिन हॉल यांचा २०१९ चा प्रयोग. २० माणसं रुग्णालयात राहिली. दोन आठवडे कारखान्यात अतिप्रक्रिया केलेलं अन्न, दोन आठवडे साधं, हवं तितकं खायची मुभा. समोर ठेवलेल्या जेवणातली साखर, मेद, तंतू, मीठ जुळवून घेतलेलं. तरी अतिप्रक्रिया केलेल्या अन्नावर माणसं दिवसाला सुमारे ५०० उष्मांक जास्त खात होती. हा निकाल मला पटतो. पण वजन दोन आठवड्यांत बदलतं, हृदयाच्या धमन्या बुजायला २० वर्षं लागतात. २० वर्षं कुणाला कोंडणार?

आणि उलटतपासणी, चिठ्ठ्या टाकल्या की सगळं शुद्ध होतं असंही नाही. अमेरिकेत ४८,८३५ स्त्रियांपैकी काहींना कमी मेदाचा आहार घ्यायला सांगितला होता. २००६ च्या निकालात हृदयविकारात आणि स्तनाच्या कर्करोगात ठोस घट दिसली नाही. आहार निरुपयोगी होता, की बायकांनी ठरलं होतं तितका मेद कमी केलाच नाही? केलाच नव्हता. गोळी गिळवता येते, स्वयंपाकघर नाही. स्पेनमधल्या भूमध्यसागरी आहाराच्या चाचणीत ७,४४७ जण होते, २०१३ चा निकाल जगभर गाजला. नंतर उघड झालं की काही केंद्रांवर वाटणी चिठ्ठीप्रमाणे झालीच नव्हती, एके ठिकाणी तर अख्ख्या दवाखान्यालाच एक आहार दिला गेला. लेख मागे घेतला आणि २०१८ मध्ये दुरुस्त करून पुन्हा छापला. निष्कर्ष साधारण तोच राहिला, भाषा मवाळ झाली. माझ्या दृष्टीने ही लाजेची गोष्ट नाही, चूक जाहीरपणे दुरुस्त झाली. पण 'चाचणी म्हणजे ब्रह्मवाक्य' म्हणणाऱ्यांनी ती लक्षात ठेवावी.

उलटतपासणी

हे मान्य. पण मग निरीक्षणही लंगडं आणि प्रयोगही लंगडा.

प्रमाणवेळ

दोन लंगडे एकमेकांचा आधार घेऊन चालतात की. गर्भारपणाआधीपासून फॉलिक आम्ल घेतलं तर बाळाच्या मज्जारज्जूतले दोष टळतात, ही शंका आधी निरीक्षणातून आली. १९९१ च्या चाचणीत, आधी असं बाळ झालेल्या मातांमध्ये, धोका ७२ टक्क्यांनी घटला. तेव्हापासून या बाबतीत माझा हात कधी थरथरला नाही.

रिकामी_वही

मला एक कळत नाही. हे देशोदेशीचे अभ्यास कशाला? एकाच गावातल्या माणसांचा अभ्यास करून भागत नाही?

अर्धी_तळटीप

वही, तुम्ही नकळत जेफ्री रोझ या ब्रिटिश साथरोगतज्ज्ञांच्या दारात जाऊन उभ्या राहिलात. १९८५ मध्ये त्यांनी एक कल्पना मांडली: समजा, सगळेच्या सगळे दिवसाला २० सिगारेटी ओढतात. मग कुठल्याही पद्धतीने अभ्यास करा, निष्कर्ष निघणार की फुप्फुसाचा कर्करोग आनुवंशिक आहे! कारण सिगारेटीत फरकच नाही, जो फरक उरतो तो जनुकांचा. सगळ्यांत सारखं असलेलं कारण आतून दिसत नाही. माशाला पाणी दिसत नाही तसं.

मिठाचं हेच. एका समाजात जवळपास सगळेच भरपूर मीठ खातात. म्हणून मीठ आणि रक्तदाब यांचं नातं तपासणारा १९८८ चा इंटरसॉल्ट अभ्यास ३२ देशांतल्या ५२ ठिकाणी, दहा हजारांवर लोकांवर झाला. त्यात ॲमेझॉनमधले यानोमामी आदिवासी होते, जे मीठ जवळजवळ खातच नाहीत आणि ज्यांचा रक्तदाब वयाबरोबर चढत नाही. वय वाढलं की रक्तदाब चढणारच असं आपण धरून चालतो. ते सगळीकडे खरं नाही, हे एका समाजात बसून कधी कळलंच नसतं. मात्र यानोमामी फक्त मिठातच वेगळे नाहीत. कष्ट, वजन, दारू, सगळंच वेगळं. त्यांच्यासारखी टोकाची चार केंद्रं वगळली की चित्र पुष्कळ फिकं होतं आणि त्यावर भांडणं झालीच.

देश बदलला की सगळंच बदलतं, यावर उतारा म्हणजे स्थलांतरितांचा अभ्यास. मूळ एकच, जागा वेगळी. जपानमधले जपानी पुरुष, हवाईत गेलेले आणि कॅलिफोर्नियात गेलेले: हृदयविकार जपानमध्ये सर्वांत कमी, हवाईत मधला, कॅलिफोर्नियात सर्वांत जास्त. जनुकं जहाजात बसून बदलत नाहीत.

शून्यान्त

हे फारच भारी. पण मग खायचं काय, ते सांगा ना कुणीतरी. प्रक्रिया केलेलं मांस सिगारेटीइतकंच घातक, असं २०१५ मध्ये जाहीर झालं होतं ना?

प्रमाणवेळ

नाही! दवाखान्यात हे रोज समजावतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेच्या यादीत दोघांचा गट एकच आहे, पण तो गट पुराव्याच्या खात्रीचा आहे, धोक्याच्या आकाराचा नाही. दोघांनी चोरी केली हे नक्की, पण एकाने बँक लुटली आणि दुसऱ्याने पेन. रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्के वाढतो. म्हणजे १०० पैकी समजा ५ जणांना होणार असेल तर साधारण ६ जणांना होईल. सिगारेटीने फुप्फुसाचा धोका कित्येक पटींनी वाढतो.

निवांत_बोका

इतका वेळ कोपऱ्यात बसून वाचत होतो. आता कबुली. मी अशा एका अभ्यासात होतो. दरवर्षी जाडजूड प्रश्नावली यायची. 'गेल्या वर्षभरात आपण पालेभाजी सरासरी किती वेळा खाल्ली? महिन्यातून १ ते ३, आठवड्यातून १, आठवड्यातून २ ते ४...' कुणाला आठवतं हो? मी पहिल्या वर्षी अंदाजपंचे भरली आणि तिची झेरॉक्स ठेवली. पुढची चार वर्षं तीच उतरवून दिली.

उलटतपासणी

साक्षीदार स्वतःहून चालत आला. आता बोला.

अर्धी_तळटीप

बोका, तुमच्यासारख्यांमुळे माझे केस पांढरे झाले. पण नुकसान तुम्हाला वाटतं तितकं नाही. जो खरंच कसंही ठोकून देतो, त्याच्यामुळे खरा संबंध सहसा पुसट होतो, नसलेला निर्माण होत नाही. शंभर बोक्यांतूनही जो संबंध दिसतो तो बऱ्याचदा मुळात जास्त ठळक असतो. घातक असतात ते एका बाजूला झुकणारे. वजन जास्त असलेली माणसं खाल्लेलं अधिक कमी करून सांगतात, हे खुणेच्या अणूंचं पाणी पाजून, शरीराने प्रत्यक्ष किती ऊर्जा खर्च केली ते मोजून वारंवार दिसलंय. ती चूक सगळीकडे सारखी पसरत नाही, म्हणून ती फसवते.

त्यासाठी काही लोकांची शारीरिक तपासणीही करतात. २४ तासांची लघवी गोळा केली की तिच्यातल्या नायट्रोजनवरून खाल्लेली प्रथिनं कळतात, सोडियमवरून मीठ. प्रश्नावलीची झेरॉक्स निघते, याची नाही.

निवांत_बोका

हो हो, ते कॅन मलाही दिलं होतं. २४ तासांचं. दुपारी बाहेर गेलो होतो, कॅन काही बरोबर नेला नव्हता. पण संध्याकाळी कुणी काही विचारलं नाही.

अर्धी_तळटीप

विचारायची गरजच नसते. त्या दिवशी जेवणाबरोबर तीन वेळा घ्यायला गोळ्या दिल्या होत्या का?

निवांत_बोका

दिल्या होत्या. जीवनसत्त्वाच्या असतील म्हणून घेतल्या.

अर्धी_तळटीप

पॅरा-अमिनोबेन्झॉइक आम्ल. ते जवळजवळ सगळं एका दिवसात लघवीतून बाहेर पडतं. कॅनमध्ये कमी सापडलं की समजायचं, माणूस दुपारी कॅनशिवाय बाहेर गेला होता. तुम्ही सही केलेल्या कागदावर बहुधा लिहिलेलं असणार.

निवांत_बोका

तो कागद मी वाचला नव्हता. झेरॉक्स मात्र त्याचीही काढून ठेवली आहे, शोधतो.